हजेरीपटावर नसलेले हात



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मोबाइलचे ॲप कसे उभे राहते आणि त्यासाठी ‘डिपेंडन्सी’ म्हणून जे गोळा करावे लागते ते काय असते, हा विषय एखाद्या इंजिनियराने मांडावा. कामगारांच्या सभा घेण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने त्यात का पडावे, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. या विषयाच्या आत शिरून पाहू लागलो तेव्हा आम्हांस तेथे यंत्रांपेक्षा माणसेच अधिक दिसली. जे काम दोघांचे म्हणून सांगितले जाते ते वस्तुतः शेकडोंचे असते. आणि त्या शेकडोंपैकी पुष्कळांना ना मजुरी असते, ना कोणी त्यांचे नाव घेते. जेथे काम झालेले दिसते आणि कामगार दिसत नाही तेथे चौकशी करावी, ही आमची जुनी सवय आहे.

शिवाय या सभामंडपात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात या क्षणी असली पाच-पंचवीस ॲपे आहेत. बँकेतील पैसा, गॅसची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, मुलांच्या शाळेच्या सूचना हे सारे त्यांच्यावर सोपवून आपण निर्धास्त असतो. ज्या घरात राहावयाचे त्याचा पाया कशावर घातला आहे हे घरमालकाने विचारावे, त्यात गवंड्याचा अपमान नाही.

दोन फोन, एक लेखन

बाजारात फोन नाना नावांनी विकले जात असले तरी त्यांच्या पोटातील व्यवस्था मुख्यतः दोनच आहेत. एक गूगलची अँड्रॉइड आणि दुसरी ॲपलच्या आयफोनातील आयओएस. या दोहोंच्या भाषा निराळ्या आणि हत्यारेही निराळी. अँड्रॉइडसाठी जावा किंवा कोटलिन या भाषांत लिहितात, आयफोनसाठी स्विफ्टमध्ये. म्हणजे एकच काम दोनदा करावयाचे आणि दोन जातीचे कारागीर पदरी ठेवावयाचे. मोठ्या बँकेला हे परवडते. एखाद्या पतपेढीला, ग्रंथालयाला किंवा कामगार संघटनेला परवडत नाही.

यावर तोड म्हणून अशी साधने निघाली की एकदाच लिहावे आणि ते दोन्हीकडे चालावे. फेसबुक कंपनीने २०१५ साली ‘रिॲक्ट नेटिव्ह’ नावाचे साधन सर्वांना खुले केले. गूगलच्या ‘फ्लटर’ या साधनाची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये निघाली. आज आम्ही उदाहरणासाठी रिॲक्ट नेटिव्ह घेतो. फ्लटरमध्ये नावे बदलतात, रीत फारशी बदलत नाही.

समजा, एका कामगार संघटनेला सभासदांसाठी ॲप करावयाचे आहे. कामाचे तास, ओव्हरटाइम, हातात पडलेली मजुरी यांची प्रत्येकाने नोंद करावी, पगारपत्रकाचा फोटो त्यात जपून ठेवावा, आणि तंटा उभा राहिला तर तो कागद तारखेसह समोर ठेवता यावा, एवढाच हेतू. सभासदांपैकी बहुतेकांजवळ अँड्रॉइड आहे, काहींजवळ आयफोन आहे. दोन तरुण मंडळी हे काम अंगावर घेतात. त्यांनी काम सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काय घडते, ते आता पाहू.

तीन दारे

पहिल्या दिवशी ॲपचा एक शब्दही लिहिला जात नाही. तो दिवस हत्यारे जमविण्यात जातो. प्रथम नोड हा कार्यक्रम संगणकावर बसवावा लागतो, कारण बाकीची जमवाजमव त्याच्या आधारे चालते. मग अँड्रॉइडसाठी जावाची हत्यारपेटी आणि गूगलची अँड्रॉइड स्टुडिओ ही कार्यशाळा लागते. आयफोनची बाजू बांधावयाची तर ॲपलचाच मॅक संगणक हवा आणि त्यावर एक्सकोड हवे. दुसऱ्या संगणकावर ते चालत नाही. यांपैकी प्रत्येकाची कोणती आवृत्ती कोणाशी जुळते याचे नियम आहेत. जावाची आवृत्ती चुकली की अँड्रॉइडचे बांधकाम पहिल्याच पायरीवर अडते. म्हणून या साधनांबरोबर ‘डॉक्टर’ नावाची एक आज्ञाच दिलेली असते. ती चालविली की संगणकाची नाडी पाहून काय आहे, काय नाही आणि काय जुने झाले आहे, ते ती सांगते. नव्या माणसाने येथूनच आरंभ करावा.

हत्यारे झाली, आता सामान. आमच्या या लहानशा ॲपला कॅमेरा उघडावयाचा आहे, तारीख नीट दाखवावयाची आहे, नोंद फोनमध्ये सुरक्षित ठेवावयाची आहे. ही कामे कोणी मुळापासून लिहीत बसत नाही. दाराला बिजागरी हवी म्हणून सुतार लोखंड वितळवीत नाही, दुकानातून आणतो. त्याचप्रमाणे जगात कोणीतरी आधीच लिहून, तपासून, सर्वांसाठी ठेवलेले तुकडे असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. आपले ॲप ज्या पॅकेजांवर उभे राहते त्या त्याच्या डिपेंडन्सी. सरळ मराठीत सांगावयाचे तर ज्यांच्या आधारावाचून आपले पान हलणार नाही, ते.

ही पॅकेजे ज्या कोठारांतून येतात ती एक नव्हे, तीन आहेत. जावास्क्रिप्ट भाषेतील भाग एनपीएम नावाच्या कोठारातून येतो. अँड्रॉइडचा भाग ग्रेडल हा कार्यक्रम मेव्हन सेंट्रल आणि गूगलचे कोठार येथून आणतो. आयफोनचा भाग कोकोपॉड्समार्फत येतो. कॅमेऱ्याचे एक पॅकेज मागविले की त्याचे तीन तुकडे तीन ठिकाणी बसावे लागतात. २०१९ सालच्या ०.६० या आवृत्तीपासून रिॲक्ट नेटिव्ह ही जुळणी आपण होऊन करते. त्यापूर्वी बहुतेक ती हाताने किंवा निराळी आज्ञा देऊन करावी लागे. सोय झाली हे खरे. तथापि सोयीचा एक गुण असा की ती झाल्यावर माणूस पाहणे सोडून देतो. ज्या कारखान्याला तीन दारे आहेत त्याच्या एकाच दारावर पहारेकरी बसविला तर काय होते, ते पुढे येईलच.

मागणीपत्रक आणि हजेरीपट

आमची दोन तरुण मंडळी काय काय हवे ते एका फायलीत लिहितात. तिचे नाव पॅकेज डॉट जेसन. हे झाले मागणीपत्रक. नव्या प्रकल्पात मुख्य मागण्या दोनच असतात : रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह. त्यांच्या जोडीला बांधकामापुरती लागणारी काही हत्यारे. मग आज्ञा द्यावयाची, आणि पाहता पाहता संगणकावर शेकडो पॅकेजे येऊन पडतात. मागितली मूठभर, आली शेकडो; ही बाकीची कोठून आली?

ज्यांनी इमारतींची कामे जवळून पाहिली आहेत त्यांना हे कोडे पडणार नाही. मालकाच्या कागदावर एका कंत्राटदाराचे नाव असते. कंत्राटदार सेंट्रिंगचे काम एका पोटकंत्राटदाराला देतो, तो मुकादमाला गाठतो, मुकादम नाक्यावर जाऊन माणसे आणतो. मालकाला विचारा, तुमच्याकडे किती माणसे आहेत? तो म्हणेल, एक. सकाळी फाटकावर उभे राहून मोजा. आकडा निराळा येईल. पॅकेजांचेही तसेच आहे. आपण ज्याला बोलावले त्याच्या स्वतःच्या डिपेंडन्सी असतात, त्यांच्या आणखी असतात, आणि त्या शेवटच्या बिगाऱ्यापर्यंत सगळ्यांना घेऊन तो आत येतो.

आता या मागणीपत्रकात नावाबरोबर आवृत्तीचा आकडा लिहावा लागतो. तो तीन भागांचा असतो, जसे २.४.१. शेवटचा आकडा वाढला तर केवळ चूक दुरुस्त झाली असे समजावे. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुने मोडले नाही. पहिला वाढला तर सावध व्हावे, कारण जुनी रीत बदलली. हा एक सभ्य संकेत आहे. तो पाळलाच जाईल असा कायदा नाही. आकड्यामागे छपरासारखे एक चिन्ह घातले तर त्याचा अर्थ असा की, पहिला आकडा तोच ठेवून यापुढची कोणतीही आवृत्ती चालेल. नागमोडी चिन्ह घातले तर केवळ शेवटच्या आकड्यापुरती मोकळीक.

म्हणजे मागणीपत्रक हे ‘अमुक माणूस पाठवा’ असे म्हणत नाही. ‘अमुक जातीचा, अमुक वयाच्या पुढचा कोणीही पाठवा’ असे म्हणते. आज मागविले तर एक येईल, महिन्याने मागविले तर दुसरा. एका तरुणाच्या संगणकावर ॲप चालते आणि दुसऱ्याच्या संगणकावर तेच ॲप चालत नाही, याचे हे फार जुने कारण आहे.

यावरचा उपाय म्हणजे लॉक फाइल, आणि तिला आम्ही हजेरीपट म्हणतो. प्रत्यक्षात कोण कोण आत आले, नेमक्या कोणत्या आवृत्तीचे आले, कोणत्या कोठारातून आले, याची नाव आणि आकड्यानिशी नोंद तिच्यात होते. एवढेच नव्हे तर प्रत्येक पॅकेजाचा अंगठाही तिच्यात असतो. पॅकेजातील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली ती एक खूण असते. आतले एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ सालापासून, ही फाइल आपोआप तयार होते. फेसबुकच्या पुढाकाराने निघालेल्या यार्न या साधनाने ती रीत २०१६ सालीच पाडली होती. आयफोनच्या बाजूला पॉडफाइल डॉट लॉक हा तसाच हजेरीपट आहे.

हजेरीपट जपून ठेवणे आणि त्याबरहुकूम माणसे आत घेणे, या दोन्ही गोष्टी करावयास हव्यात. कित्येक जण ही फाइल निरुपयोगी कचरा समजून पुसून टाकतात. काही जण ती ठेवतात, परंतु बांधकामाच्या वेळी अशी आज्ञा देतात की तिच्यात फेरफार होऊ शकतो. एनपीएममध्ये ‘इन्स्टॉल’ आणि ‘सीआय’ अशा दोन आज्ञा आहेत. दुसरी आज्ञा हजेरीपटाबाहेरचा एकही आत घेत नाही, आणि मागणीपत्रक व हजेरीपट यांत तफावत दिसली तर काम थांबविते. सभासदांच्या हाती जावयाचे ॲप जेथे बांधले जाते तेथे ही दुसरीच आज्ञा चालवावी.

एका अधिक चिन्हाची गोष्ट

आता तीन दारांची गोष्ट. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी जगभर रिॲक्ट नेटिव्हची अँड्रॉइड बांधकामे एकाएकी कोसळू लागली. ज्यांनी आदल्या दिवसापासून आपल्या फायलीत एक अक्षर बदलले नव्हते, त्यांचीही. लॉक फाइल जपून ठेवलेली होती, तरीही. आयफोनची बाजू मात्र सुरळीत चालू होती.

कारण असे निघाले. नव्या प्रकल्पाचा जो तयार नमुना मिळे, त्यातील अँड्रॉइडच्या फायलीत रिॲक्ट नेटिव्हचे नाव लिहून पुढे आवृत्तीच्या जागी केवळ एक अधिक चिन्ह घातलेले असे. त्याचा अर्थ, ‘मिळेल ती सर्वांत नवी’. ही नवी प्रत संगणकावरच्याच एका कप्प्यातून घेतली जाईल अशी कल्पना होती, आणि वर्षानुवर्षे तसेच होत आले. कारण मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक कोठारात त्या नावाच्या फार जुन्या प्रती तेवढ्या पडून होत्या. मग ०.७१ या आवृत्तीपासून रिॲक्ट नेटिव्हच्या चालकांनी आपला अँड्रॉइडचा भाग त्या सार्वजनिक कोठारात ठेवण्याचे ठरविले, आणि तिची चाचणीची प्रत तेथे ठेवली. त्याबरोबर जगभरच्या ग्रेडलला ‘सर्वांत नवी’ प्रत तेथे सापडली. जावास्क्रिप्टचा भाग जुना आणि अँड्रॉइडचा भाग नवा, अशी विजोड जोडी जमली आणि बांधकाम मोडले.

एनपीएमच्या हजेरीपटाने ते का अडविले नाही? कारण तो एका दाराचा हजेरीपट होता. ग्रेडलच्या दारावर तसा हजेरीपट आपोआप राहत नाही. तो मुद्दाम ठेवावा लागतो. शिवाय इतरांनी लिहिलेल्या पुष्कळ पॅकेजांतही तेच अधिक चिन्ह होते, त्यामुळे आपल्या फायलीतील ओळ सुधारूनही भागेना. शेवटी चालकांना ०.६३ पासून ०.७० पर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांसाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

या प्रसंगात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. सोयीसाठी घातलेले एक चिन्ह आणि सर्वांनी उचललेला एक नमुना, एवढ्याने हे घडले. आमच्या कल्पनेतील संघटनेचे ॲप त्या दिवशी नव्याने बांधावयाचे असते तर सभासदांना सांगावे लागले असते की, थांबा. आणि त्या दोन तरुणांनी आपल्या कामात चूक शोधता शोधता रात्र काढली असती.

कुलूप घातले म्हणजे झाले का?

तर मग प्रत्येक गोष्ट नेमकी लिहून कुलूप घालून टाकावी आणि पुन्हा हात लावू नये, असे कोणी म्हणेल. तेही चालत नाही. जुन्या पॅकेजात दोष सापडतात आणि ते जाहीर होतात. मग त्या चोरवाटेची माहिती चोरालाही असते. शिवाय फोन बदलत राहतात. गूगल आपल्या दुकानातील ॲपांसाठी दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळते घेण्याची अट घालते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्तीसाठीच्या ॲपांनी स्मृतीची १६ किलोबाइटची नवी पाने मानली पाहिजेत अशी अट आली. आणि ज्यांच्या पोटात जुन्या पद्धतीने बांधलेली पॅकेजे होती त्यांना ती नवी आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कोठारेही कायमची नसतात. जेसेंटर नावाचे अँड्रॉइडचे एक मोठे कोठार बंद करण्याची घोषणा २०२१ साली झाली. कोकोपॉड्सच्या चालकांनीही २०२४ साली जाहीर केले की आपले कोठार पुढे केवळ वाचण्यापुरते राहील, त्यात नवी भर पडणार नाही.

म्हणून कुलूप हवे, आणि त्याची किल्लीही हाताशी हवी. बदल व्हावा, पण तो आपण ठरविलेल्या दिवशी, आपल्या डोळ्यांदेखत, एका वेळी थोडा आणि चाचणी घेऊन व्हावा. कुलपाचा दुसरा फायदा असा की घाई टळते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका पॅकेजकर्त्याला खोटे पत्र धाडून फसविण्यात आले आणि त्याच्या अत्यंत लोकप्रिय पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या एनपीएमच्या कोठारात ठेवण्यात आल्या. काही तासांतच त्या काढून टाकल्या गेल्या. ज्यांचा हजेरीपट पक्का होता आणि ज्यांनी त्या काही तासांत नवे मागविले नाही, त्यांच्या आत ते विष शिरलेच नाही.

फाटकाच्या आतली माणसे

येथवर आम्ही आवृत्त्यांविषयी बोललो. आता त्या आवृत्त्यांमागच्या माणसांकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथेच आहे.

अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरच्या एका पॅकेजाचे नाव किक असे होते. त्याच नावाच्या एका कंपनीने ते नाव मागितले. त्यांनी नकार दिला. कोठाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला दिले. तेव्हा २२ मार्च २०१६ रोजी त्यांनी आपली अडीचशेच्या वर पॅकेजे कोठारातून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरून तो ठराविक लांबीचा करणे, एवढेच त्याचे काम. पण त्याच्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे करीत मोठमोठ्या कंपन्यांचे प्रकल्प उभे होते. अकरा ओळी निघून गेल्या आणि जगभर बांधकामे थांबली. चालकांनी काही तासांतच ते पॅकेज परत जागेवर ठेविले, आणि पुढे नियम केला की दुसऱ्यांचा आधार झालेले पॅकेज कर्त्याला सहजासहजी काढता येणार नाही.

हा नियम आवश्यक होता, असे आम्हांसही वाटते. चालत्या इमारतीखालचा खांब कोणी एकाएकी काढू नये. परंतु कामगार चळवळीतील माणसाच्या नजरेतून दुसरीही बाजू दिसते. ज्याच्या कामावर एवढे सारे उभे होते त्याच्याजवळ आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी काम काढून घेण्यापलीकडे दुसरे साधन नव्हते. ते साधन वापरल्यावर साधनाचा बंदोबस्त झाला. गाऱ्हाणे मांडावयाची जागा मात्र तयार झाली नाही.

दुसरी हकीकत थेट मोबाइल ॲपची आहे. इव्हेंट-स्ट्रीम नावाचे एक पॅकेज न्यूझीलंडच्या डॉमिनिक टार यांनी लिहिले होते. आठवड्याला सुमारे वीस लाख वेळा ते उतरवून घेतले जाई. टार यांना स्वतःला त्याचा उपयोग उरला नव्हता, आणि त्याची देखभाल करून काही मिळतही नव्हते. कोणा अनोळखी माणसाने ‘मी सांभाळतो’ असे लिहिले, आणि त्यांनी किल्ल्या दिल्या. त्या माणसाने सप्टेंबर २०१८ मध्ये हळूच आणखी एक डिपेंडन्सी आत घेतली आणि तिच्यात गुप्त लिपीत विष ठेवले. ते विष इतर प्रकल्पांत निपचित पडून राही. अँड्रॉइड आणि आयफोन दोहोंवर चालणाऱ्या कोपे या बिटकॉइनच्या पाकिटाच्या ॲपमध्येच ते जागे होई आणि तेथील गुप्त किल्ल्या चोरू पाही. नोव्हेंबरमध्ये ते उघडकीस आले. तोवर कोपेच्या काही आवृत्त्या ते पोटात घेऊन बाहेर पडल्या होत्या.

तेव्हा पुष्कळांनी टार यांना दूषण दिले. आम्ही देणार नाही. वर्षानुवर्षे बिनमजुरीने पहारा देणारा एक माणूस थकला, आणि जो पुढे आला त्याच्या हाती त्याने काठी दिली. ज्यांची तिजोरी तो राखीत होता त्यांच्यापैकी किती जणांनी त्याला पूर्वी कधी विचारले होते की, बाबा रे, तुझे कसे चालले आहे?

ओपनएसएसएल हे इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणारे साधन. २०१४ साली त्यात हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष सापडला, तेव्हा जगाला कळले की अर्ध्या जगाचा विश्वास ज्याच्यावर आहे त्या कामाला वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे २००० डॉलर. मग मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत एकत्र येऊन निधी उभारला. आग लागल्यावर विहीर खणली, पण खणली हे खरे.

स्वखुशीचे काम आणि आपले देणे

येथे एक आक्षेप नेहमी येतो. या मंडळींनी आपले काम स्वखुशीने फुकट दिले आहे. परवान्यात तसे लिहून दिले आहे. मग मजुरीची भाषा कशाला? आक्षेप कायद्याने बरोबर आहे. बहुतेक परवान्यांत दोन गोष्टी असतात : घ्या, वापरा, विका, आणि बिघडले तर आम्ही जबाबदार नाही. म्हणजे देणाऱ्याचा आपल्यावर दावा नाही, तसा आपलाही त्याच्यावर नाही. दोष सापडला म्हणून त्याला रात्री उठविण्याचा, ‘अजून दुरुस्त का केले नाही’ म्हणून डाफरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. आणि नेमकी ही डाफरणारी पत्रेच त्यांच्या वाट्याला येतात.

आपल्या देशात १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याने एक तत्त्व घालून दिले. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर मुख्य मालकाने ती द्यावी. ‘तो माझा माणूस नव्हे’ असे म्हणून मालकाला सुटता येऊ नये, हा त्यामागचा विचार. पॅकेजांच्या दुनियेत असा कायदा नाही. युरोपात मात्र २०२४ साली सायबर रेझिलियन्स ॲक्ट झाला. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. माल विकणाऱ्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक आहेत त्याची यादी ठेवावी, निदान थेट मागविलेल्यांची तरी, असे त्यात म्हटले आहे. निदान थेट मागविलेल्यांची! म्हणजे कायदा तूर्त कंत्राटदाराच्या नावापर्यंत पोचला आहे, नाक्यावरच्या माणसापर्यंत नव्हे. तरीही यादी असावी हे तत्त्व मान्य झाले, ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडेही कामगाराचे हक्क आधी हजेरीपटात त्याचे नाव येण्यापासूनच सुरू झाले.

मग आपण काय करावे? ॲप लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. नवे पॅकेज घेण्यापूर्वी ते खरोखर हवे का, हे स्वतःला विचारा. अकरा ओळींचे काम असेल तर त्या स्वतः लिहा. घ्यावयाचे ठरले तर ते कोण सांभाळतो, एकटा आहे की चार जण आहेत, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे पाहा. तिन्ही दारांवर हजेरीपट ठेवा, आणि अँड्रॉइडच्या फायलीत अधिक चिन्ह दिसले तर तेथे आकडा लिहा. महिन्यातून एक दिवस नेमून पॅकेजे नवी करा. आणि एनपीएममध्ये ‘फंड’ नावाची एक आज्ञा आहे, ती एकदा चालवून पाहा. आपल्या हजेरीपटावरील कोणी कोणी मदतीची याचना केली आहे, त्यांची यादी ती दाखविते. ही आज्ञा २०१९ सालापासून आहे आणि ती चालविणारे फार थोडे आहेत.

जे ॲप करवून घेतात त्यांना, म्हणजे पतपेढीच्या संचालकांना, शाळेच्या चालकांना, आमच्या संघटनांच्या कार्यकर्त्यांना, सांगणे याहून सोपे आहे. अंदाजपत्रकात दोन तरुणांच्या मेहनतान्याखाली आणखी एक ओळ घाला : ज्यांच्या कामावर हे उभे आहे त्यांच्यासाठी. रक्कम लहान असली तरी चालेल. पैसा नसेल तर दोष सापडल्यावर सभ्य शब्दांत नीट वर्णन करून कळवा, दुरुस्ती करता आली तर करून पाठवा, माहितीपत्रकाचे मराठी करून द्या. हेही श्रमच आहेत, आणि श्रमाची परतफेड श्रमाने करण्याची चाल आपल्या खेड्यांत इर्जिक या नावाने चालत आलेली आहे. एकाच्या शेतावर सारे बैल नेतात, मग दुसऱ्याच्या. ज्या जगात अनोळखी माणसे आपली बिजागरी, आपली वीट, आपली अकरा ओळींची मेहनत दारात आणून ठेवतात, ते जग याच चालीने उभे आहे. फरक इतकाच की तेथे काहींचे बैल नेहमी दुसऱ्यांच्या शेतावर राबतात आणि काहींचे बैल गोठ्याबाहेर पडतच नाहीत.

दोघांचे काम म्हणून जे दाखविले जाते त्याचा हजेरीपट मागा. तो मिळाला म्हणजे ॲपही पक्के होईल, आणि कोणाचे देणे राहिले आहे हेही कळेल. ते देणे फेडावयाचे की नाही हे सांगणारा कायदा तूर्त नाही. म्हणून तर ते ठरविण्याचा मान आपल्याकडे आला आहे.